रडक्याचा तुकडा

त्याला आपण धाकटाच म्हणू. साठीला टेकलेल्या, डोक्यावर मोजके केस उरलेल्या आणि स्वतःच्याच हाताने घडवलेल्या दोन दाढा तोंडात वागवणाऱ्या माणसाला धाकटा म्हणणं जरा चमत्कारिक वाटेल, पण त्याला इलाज नाही. कामावर तो ‘दातवाले’ होता, बायकोचा ‘अहो’ होता, वहिनीचा ‘भावजी’ होता. धाकटा तो फक्त थोरल्याचा होता, आणि आतून ओ यायची ती याच हाकेला.

थोरला गेला आणि ती हाक बंद झाली. आपल्या दुरुस्तीच्या दुकानात, स्टुलावर बसल्या बसल्या, हातात स्क्रूड्रायव्हर असताना तो गेला. पाणी मागायलाही त्याला सवड मिळाली नाही. मग दवाखान्यातली धावपळ, लोकांना कळवणं, आल्यागेल्याची उठबस, दुकानाच्या किल्ल्या, वहिनीच्या सह्या, हे सगळं धाकट्याने केलं, आणि इतकं नेटकं केलं की नातेवाईक जाताना त्याचं कौतुक करून गेले. भाऊ गेल्यावर कौतुक ऐकून घ्यायचं म्हणजे काय करायचं हे त्याला कळेना, म्हणून तो मान डोलवत राहिला.

रडला मात्र नाही. रडू दाबलं असंही नाही, ते आलंच नाही. दाढ काढण्याआधी सुई देतात, मग ओठाला बोट लावलं तर ओठ आहे हे कळतं, पण तो आपला वाटत नाही. तसं त्याचं झालं होतं. दाताच्या दवाखान्यातली भूल निदान जेवणाच्या वेळेपर्यंत उतरते. याची उतरायचं नाव घेईना.

भूल हा शब्द त्याच्या धंद्यातलाच. तो कृत्रिम दात बनवायचा. डॉक्टर लोक पेशंटच्या जबड्याचे ठसे पाठवायचे, हा त्यात प्लास्टर ओतून जबडे उभे करायचा, लोखंडी बिजागरीवर वरचा-खालचा जबडा जुळवायचा आणि गुलाबी मेणात एकेक दात रोवायचा. चावताना कुठे उंच लागतंय ते निळ्या कागदाने बघायचं आणि तेवढंच घासायचं. ठशात चूक असली की ती दातात उतरते, हे तो दिसेल त्याला ऐकवायचा. सगळा जन्म लोकांच्या तोंडात घातलास, असं थोरला त्याला चिडवायचा.

आता गिटारीकडे येऊ, कारण या दोघांची गोष्ट गिटारीशिवाय सांगताच येत नाही.

थोरला तरुणपणी दुसऱ्याच्या दुकानात नोकरीला होता. तिथे एका गिऱ्हाइकाने रेकॉर्डप्लेअर दुरुस्तीला टाकला आणि तो न्यायला ते परत आलंच नाही. मालकाने वाट पाहून पाहून ते धूड थोरल्याच्या गळ्यात मारलं. त्याच्या तबकडीवर एक रेकॉर्ड तशीच राहून गेली होती. मधल्या कागदाची सालं निघालेली, नाव वाचता येईना, अंगावर ओरखडेच ओरखडे. लावली तर आतून ब्लूज निघाले. हा शब्दही तेव्हा दोघांना माहीत नव्हता. कुणीतरी दूरदेशीचे म्हातारे गिटारवर आपलं दुःख सांगतायत आणि सांगताना मजाही घेतायत, एवढंच त्यांना समजलं, आणि तेवढं पुरेसं झालं.

रेकॉर्डवर चार वादक होते. नावं ठाऊक नाहीत म्हटल्यावर थोरल्याने त्यांचं बारसं केलं. एक खर्जात कुरकुरायचा, तो ‘सासरा’. एकाचे सूर जाड, मोजून मापून, तो ‘जाड्या’. तिसरा तारेवरून काच फिरवायचा, तो ‘काचवाला’. आणि चौथा ‘रडका’. रडका एक ओळ गायचा आणि गिटारीकडून तिचं उत्तर घ्यायचा. उत्तर असं असायचं की ऐकणाऱ्याने हातातलं काम खाली ठेवावं. धाकट्याच्या मते चौघांत खरा बाप रडकाच.

शिकवायला कुणी नव्हतं. मग दोघे हात धुवून त्या चौघांच्या मागे लागले. जुन्या प्लेअरवर वेग कमी करायचा खटका होता. तो ओढला की रडका निम्म्या वेगाने, सासऱ्यासारखा खर्जात वाजायचा. मग थोरला सुई उचलायचा, दोन सूर मागे ठेवायचा, पुन्हा उचलायचा. एक तुकडा असा चावून चावून बोटांत उतरेपर्यंत आठवडे जायचे. जाणकार लोक त्याला लिक म्हणतात. हे दोघे तुकडा म्हणायचे. गिटार दोघांत एकच होती. थोरला वाजवत असेल तेव्हा धाकटा मांडीवर ठेका धरायचा, आणि तुकडा जमला की थोरला गिटार त्याच्या अंगावर टाकून म्हणायचा, “घे, धाकट्या.”

त्या सगळ्यांत वरचढ तुकडा रडक्याचा. चार-चार ठोक्यांच्या बारा घरांचा फेरा संपत येतो, गाणं पुन्हा पहिल्या घरी परतायचं असतं, तिथला. आधी वरच्या तारेवरचा सूर बोटाने ओढत न्यायचा, ताणून धरायचा, हलवायचा. आता तो पायरी पायरीने खाली येणार असं वाटतं, आणि तो येतच नाही. ओढलेला सूर तोंडातल्या तोंडात तुटतो आणि एकदम तळाचा जाड सूर लागतो. मधलं काही नाही.

“इथे त्याला हुंदका येतो,” थोरल्याने सांगितलं होतं, “आणि तो गिळतो. म्हणून मधलं ऐकू येत नाही. लोकांसमोर रडायचं नाही ना त्याला.”

धाकट्याला हे इतकं पटलं की पुढे कधी शंका आली नाही. तो हुंदका गिळायला शिकायला दोघांना सगळ्यात जास्त वेळ लागला. हात खाली येऊ बघतो आणि त्याला येऊ द्यायचं नाही, हे सोपं नसतं.

पुढे थोरल्याचं लग्न झालं, वहिनी आली. वहिनीला संगीतातलं ओ की ठो कळत नाही, हे ती स्वतःच अभिमानाने सांगायची. रविवारी संध्याकाळी धाकटा यायचा, दोघे भाऊ बाहेरच्या खोलीत बसायचे, एव्हाना गिटारी दोन झाल्या होत्या. वहिनी स्वयंपाकघरातून ओरडायची, “झालं का तुमचं रडगाणं? जेवायला या.” धाकट्याचं लग्न झालं, मुलं झाली, मुलं मोठी होऊन पांगली, रेकॉर्डप्लेअर केव्हाच भंगारात गेला आणि रेकॉर्डही एका घर बदलण्यात फुटली. रविवार चुकला नाही. मैफल वगैरे त्यांनी कधी केली नाही. ऐकायला एकटी वहिनी, तीही भिंतीपलीकडून.

थोरल्यानंतर धाकट्याने गिटार उचलली नाही असं नाही. उचलली. सासरा वाजवला, जाड्या वाजवला, रडका वाजवला. बोटं बरोबर जागी पडत होती आणि त्याला काहीच होत नव्हतं. तो कामावर जायचा, दात रोवायचा, घरी येऊन भिंतीकडे बघत बसायचा. वहिनीकडे जाऊन काय हवं नको विचारून यायचा, पण बाहेरच्या खोलीत टेकायचा नाही, दारातूनच परतायचा. शेवटी बायको कावली.

“अहो, ती भिंत काही पळून जाणार नाही. रंगाच्या दुकानाच्या वर गिटारचा क्लास सुरू झालाय, तिथे जाऊन बसा. निदान चार माणसांत तरी बसाल.”

तो गेला. नाही म्हणायला कारण हवं होतं आणि तेही त्याच्याकडे नव्हतं.

क्लास घेणारा सर त्याच्या मुलाच्या वयाचा होता, केस मागे बांधलेला, बोलायला गोड. जुन्या नावाजलेल्या वादकांचे लिक शिकवणं हीच त्याची पद्धत होती. दर महिन्याला एक वादक घ्यायचा आणि त्याची गिटारीवर बोलण्याची ढब उचलायची. धाकट्याने पहिल्याच दिवशी जाड्या वाजवून दाखवला तेव्हा सर खुर्चीत सावरून बसला. सासरा ऐकला, काचवाला ऐकला. सरने चौघांची खरी नावं सांगितली, त्यांची गावं सांगितली, कोण कुणाकडून शिकला ते सांगितलं. धाकट्याने ऐकून घेतलं. इतक्या वर्षांची ओळख, पण नावाने ते त्याला परकेच वाटले.

मग त्याने रडका वाजवला. सर पायाने ठेका धरून बसला होता. शेवटाला त्याचा पाय हवेतच राहिला.

“काका, परत वाजवता?”

धाकट्याने परत वाजवला. पाय पुन्हा हवेत.

“तुम्ही दोन ठोके खाताय,” सर म्हणाला. “फार सुंदर खाताय, पण खाताय. हे कुठून घेतलं?”

“रेकॉर्डवरून. तो तिथे हुंदका गिळतो.”

सरने फोनवर ते गाणं शोधलं आणि लावलं. स्वच्छ, ओरखड्याचा लवलेश नाही. रडक्याने सूर ओढला, ताणला, हलवला आणि मग शहाण्या माणसासारखा एकेक पायरी उतरत खाली आला. हुंदका नव्हता. गिळणं नव्हतं. खाली उतरणारे साधे, गोड सूर होते.

“तुमच्या रेकॉर्डवर तिथे ओरखडा असणार,” सर हळूच म्हणाला. “सुईने उडी मारली असेल. काका, तुम्ही उडी शिकलात.”

वर्गातली एक बाई खुदकन हसली आणि लगेच गप्प झाली. धाकट्याला वाईट वाटायला हवं होतं. निदान थोरल्याच्या बाजूने भांडावंसं तरी वाटायला हवं होतं. त्याने आतल्या आत चाचपून पाहिलं, तिथे काही हललं नाही. ठशात चूक होती, दातात उतरली, एवढंच त्याच्या मनात आलं.

“बरोबर आहे,” तो म्हणाला. “दुरुस्त करू.”

दुरुस्ती हा त्याच्या हातचा मळ. पण हा तुकडा दुरुस्त करताना त्याच्या नाकी नऊ आले. ओढलेल्या सुरानंतर बोटं आपोआप तळाला उडी घ्यायची. मग त्याने उंच लागणारा दात घासावा तशी ती सवय घासायला घेतली. क्लासचा वार्षिक कार्यक्रम जवळ येत होता, सरच्या साथीदारांबरोबर प्रत्येकाने एक गाणं वाजवायचं होतं, आणि ड्रमवाला काही हुंदक्यासाठी थांबणार नव्हता. धाकटा रोज कामावरून आल्यावर बसायचा. पायऱ्या उतरायचा, पुन्हा वर जायचा, पुन्हा उतरायचा. दुखत नव्हतं, आनंदही नव्हता. बायकोला वाटलं, चला, मन रमलं.

त्याच सुमारास एका डॉक्टरांकडून कवळी परत आली. म्हाताऱ्या बाईंनी ती तोंडातून काढून टेबलावर ठेवली होती म्हणे. आपला पुढचा एक दात जन्मभर वाकडा होता, या सरळ दाताने आरशात भलतीच बाई दिसते, अशी तक्रार. हा कपाळाला हात लावून हसला, मेण गरम केलं, दात काढला आणि किंचित तिरका करून बसवला. चहा व्हायच्या आत काम झालं आणि तो ते विसरूनही गेला.

कार्यक्रम एका शाळेच्या सभागृहात झाला. बायको आली, आणि बायकोने आग्रह करकरून वहिनीलाही आणलं. थोरला गेल्यापासून वहिनी पहिल्यांदाच लोकांत आली होती. धाकट्याने रडका वाजवला. सूर ओढला, ताणला, आणि पायरी पायरीने असा अलगद खाली आला की ड्रमवाल्याने हसून मान डोलावली. सरने टाळी दिली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकही ठोका कमी नाही, एकही जास्त नाही.

बाहेर पडताना वहिनी म्हणाली, “छान वाजवलंत, भावजी. नवीन शिकलात वाटतं?”

“नवीन कुठलं, वहिनी. रडक्याचाच तुकडा.”

वहिनीने त्याच्याकडे नीट पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं. “असेल,” ती म्हणाली आणि चपला शोधू लागली. तिला तो तुकडा ओळखू आला नव्हता.

घरी येऊन धाकट्याने कपडे न बदलताच गिटार घेतली. जुना तुकडा वाजवायला बसला. सूर ओढला, ताणला, आणि बोटं शहाण्यासारखी पायऱ्या उतरली. पुन्हा केलं. पुन्हा उतरली. त्याने मुद्दाम थांबवून उडी मारायला लावली, तर ती उडी वाटेना, धडपडल्यासारखं वाटायला लागलं. किती लवकर तोडायचं, किती जोरात पडायचं, काहीच जागेवर नव्हतं. रेकॉर्ड फुटली होती. थोरला गेला होता. जगात जिथे लावाल तिथे रडका आता बरोबरच वाजणार होता. उरला होता तो तुकडा याच्या एकट्याच्या बोटांत होता, आणि यानेच तो रोज बसून, मन लावून, घासून काढला होता. फार दिवसांनी त्याच्या आत काहीतरी हललं होतं, आणि ती भीती होती.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला नाही. सकाळीच वहिनीकडे गेला. वहिनी स्वयंपाकघरात टेबलाशी मटार सोलत बसली होती.

“वहिनी, दादाची गिटार कुठे आहे?”

“आहे तिथेच आहे. मी फक्त धूळ पुसते.”

त्याने ती बाहेरच्या खोलीतून आणली, तारा जुळवल्या आणि तिच्यासमोरच बसला. तुकडा वाजवला. पायऱ्या उतरला. पुन्हा वाजवला. धडपडला.

“काय चाललंय?” वहिनीने विचारलं.

मग त्याने सगळं सांगितलं. रेकॉर्डवरचा ओरखडा, सुईची उडी, हुंदका वगैरे काही नव्हताच हे, आपण ती चूक शिकलो होतो हे, आणि आता ती सुधारून बसलोय आणि परत येत नाही, हेही. बोलताना आपला आवाज जाहिरात वाचल्यासारखा येतोय असं त्याला वाटलं. वहिनी मटार सोलत ऐकत होती.

“असेल बाहेर तसं,” ती म्हणाली. “आमच्या घरात हे असं वाजत नाही.”

“कसं वाजतं तेच तर हरवलंय ना, वहिनी.”

“हरवायला काय झालं? इतकी वर्षं भिंतीपलीकडून हेच ऐकत भाज्या चिरल्या मी.” तिने मटाराची शेंग खाली ठेवली आणि हात पदराला पुसले. जरा संकोचली. मग टेबलावर दोन बोटांनी ठेका धरला, थोरल्याचा, किंचित रेंगाळणारा. “ह्यांचं आधी असं चालायचं बराच वेळ. मग खाकरायचे. मग म्हणायचे,” आणि वहिनीने थोरल्यासारखाच आवाज जाड केला, “‘घे, धाकट्या.’ आणि मग…”

ती गाऊ लागली. बेसूरच, पण मापात. आवाज वर चढवला, ताणला, थरथरवला, आणि तोंड मिटून घेत गिळला. लगेच टेबलावर मूठ आपटली. तळाचा सूर.

“असं,” वहिनी म्हणाली. “तुम्ही तिथे खाली येता. ते खाली येत नसत. येणार येणार वाटायचं आणि यायचे नाहीत. वाजवा.”

धाकट्याला वाजवता येईना. समोरची वहिनी धूसर झाली होती. भूल उतरली होती आणि दुखत होतं, सगळं एकदम, इतक्या महिन्यांचं. भावाच्या गिटारीवर वाकून तो मोठ्याने रडला, नाक गळेपर्यंत रडला, साठीच्या माणसाने कधी रडू नये तसा. वहिनीने त्याला गप्प केलं नाही. तिच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिने पुढची शेंग घेतली, सोलली, आणखी एक घेतली.

मग त्याने बोटं तारेवर ठेवली. पहिल्यांदा चुकला. वहिनीने मानेनेच नाही म्हटलं. दुसऱ्यांदा सूर ओढला, ताणला, आणि तोडला, आणि तळाशी गेला.

“हं,” वहिनी म्हणाली. “आता जवळ आलात. पण ह्यांचं याहून सावकाश असायचं. परत.”

धाकट्याने शर्टाच्या बाहीने नाक पुसलं. वहिनीने दोन बोटांनी टेबलावर ठेका धरला, आणि त्याने पुन्हा सुरुवात केली.